खिडकी, झाड आणि ओहोटी: मुंबईत निसर्ग टिपताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही ओळखीपाळखीचे चार-सहा जण रविवारी सकाळी वही आणि फोन घेऊन मुंबईत कुठेतरी तासभर बसतो. याला नाव नाही, फी नाही, शिकवणारं कुणी नाही. तरी लोक मेसेज करून विचारत राहतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते एकदाचे लिहून काढले. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मला चित्र काढता येत नाही. शाळेत चित्रकलेत काठावर पास व्हायचो. जमेल का?

जमेल. हे चित्र कुणाला दाखवायचं नसतं. एका पानाकडे दहा मिनिटं बघत बसलं तर घरचे विचारतात, काय झालं? हातात पेन्सिल असली की कुणी विचारत नाही, एवढाच तिचा पहिला उपयोग.

पिंपळाचं एक पान घ्या. कागदाकडे अजिबात न बघता नजर पानाच्या कडेवरून सावकाश सरकवा आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवा. चित्र बटाट्यासारखं येईल. पण आजवर आपण पिंपळाचं पान म्हणून पत्त्यातला बदाम काढत होतो आणि खऱ्या पानाचं शेपूट केवढं लांब असतं, हे तेव्हाच लक्षात येतं. पावसाचं पाणी त्या शेपटावरून ओघळून जातं. पुढच्या पावसात पिंपळाखाली उभे राहिलात तर ते थेंब कुठून पडतात ते तुम्ही बघालच.

२. कॅमेरा कोणता घेऊ? आणि वही, रंग?

कॅमेरा घेऊ नका. खिशातला फोन काढा आणि त्याची लेन्स धुतलेल्या सुती रुमालाने पुसा. निम्मे धुरकट फोटो लेन्सवर लागलेल्या खोबरेल तेलाचे असतात.

वही हाताच्या पंजाएवढी, कोरी, जाड कागदाची. एक टूबी पेन्सिल, एक काळं बॉलपेन. रंग लागलेच तर शाळकरी कॅम्लिनच्या वड्या पुरतात. महागड्या वहीचा तोटा असा की पहिलं पान खराब होईल या भीतीने ती दोन वर्षं कोरीच राहते. माझ्याकडे अशा तीन आहेत.

३. मी चौदाव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून समोरची बिल्डिंग आणि एसीचे डबे दिसतात. निसर्ग आणू कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा तक्रारीचा असतो.

चौदाव्या मजल्यावर घारी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर उडतात. खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला घारीचं फक्त पोट दिसतं. तुम्हाला तिची पाठ दिसते. वळताना तिची खाच पडलेली शेपटी सुकाणूसारखी पिरगळते. सकाळी दहानंतर भिंती तापल्या की हवा वर चढायला लागते आणि घारी पंख न हलवता गोल फिरतात. फोनमध्ये तो ठिपकाच येईल, म्हणून कागदावर फक्त तिचा मार्ग काढा: पेन्सिल न उचलता, ती जाईल तशी रेघ. पाच मिनिटांनी कागदावर जी गुंतवळ होते ती मला बऱ्याच फोटोंपेक्षा आवडते.

मग पाइपाच्या सांध्यातून फुटलेलं पिंपळाचं रोप. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि दोन चिमूट मातीवर उगवतं. सोसायटी ते दरवर्षी उपटते आणि ते दरवर्षी येतं. त्याचा महिन्यातून एक फोटो, त्याच जागेवरून. समोरच्या भिंतीवरचं ऊन, आभाळ, खिडकीच्या ग्रिलवरचे पावसाचे थेंब हेही तुमचंच.

एक तारीख नोंदवून ठेवा: १५ मे. मुंबईत त्या दिवशी दुपारी साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी गडप होते. गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवून फोटो घ्या. वर्षातून दोनदा हे होतं. दुसरी वेळ जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पण तेव्हा ढग बघू देत नाहीत.

४. आधी फोटो काढू की आधी चित्र?

आधी चित्र. फोटो एकदा मिळाला की काम झालं असं मनाला वाटतं आणि पाय निघतो. चित्र काढताना जिथे अडलात, उदाहरणार्थ देठ फांदीला नेमका कसा चिकटतो ते कळेना, तिथे जवळ जाऊन फोटो घ्या. असा अडलेल्या जागेचा फोटो सहसा चांगला निघतो, कारण तो कशासाठी काढतोय हे तुम्हाला माहीत असतं.

अपवाद म्हणजे पळणारी गोष्ट. खारूताई, फुलपाखरू, चतुर दिसला तर वही बाजूला ठेवा आणि बटण दाबून धरून फोटोंची माळच काढा.

५. तुम्ही सगळ्यांना 'एकच झाड धरा' असं का सांगता? आणि कुठलं धरू?

कारण मुंबईतल्या माणसाला नवीन ठिकाणी जायला वेळ नसतो, पण एका झाडाखालून तो वर्षातून सहाशे वेळा जातो. घर आणि स्टेशन यांच्या मधलं झाड निवडा. गाडी पकडायची नसेल तेव्हा दोन मिनिटं थांबा. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून फोटो. आठवड्यातून एकदा वहीत त्याचा एक तुकडा. अख्खं झाड काढायला जाऊ नका, ते हिरव्या ढगासारखं होतं.

माझं झाड मुलुंड पूर्वेला एका चहाच्या टपरीमागचं देशी बदामाचं. हे नवशिक्यांना सर्वात चांगलं. फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्याने आडव्या निघतात, पानं ताटलीएवढी, आणि गळण्याआधी ती लाल होतात. मुंबईत रंगीत पानगळ दाखवणारी झाडं थोडी, त्यात हे एक. हिवाळ्याच्या शेवटी एक पडलेलं पान उचलून मी ते पाच दिवस टेबलावर ठेवलं आणि रोज काढलं. पहिल्या दिवशी शेंदरी-लाल, मुख्य शीर अजून पिवळसर हिरवी. तिसऱ्या दिवशी कडा आत वळल्या आणि पानाला खाली सावली पडली, तोवर ते टेबलाला चिकटून होतं. पाचव्या दिवशी रंग चहाच्या चोथ्याचा. पाच दिवसांत मला लाल रंग एकदाही नळीतून थेट लावता आला नाही. प्रत्येक वेळी त्यात काहीतरी मिसळावं लागलं, एकदा चक्क हिरवा.

तुमच्या वाटेवर बदाम नसेल तर बाकीचं वेळापत्रक ढोबळमानाने असं. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, मागोमाग पांगारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या बाजूला टॅबेबुया गुलाबी होतो आणि गाड्या हळू होतात. एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण (हे आपलं राज्यफूल), मग गुलमोहर. गुलमोहराचं एक फूल सोडवून बघा: पाचपैकी एक पाकळी पांढरट, ठिपक्यांची, बाकीच्या चार लाल. लहानपणी त्याच्या तुऱ्यांची झुंज लावली त्यांनीही ही पाचवी पाकळी क्वचित पाहिलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सातवीण. तिचा वास रात्री बसमध्येही शिरतो. काहींचं डोकं चढतं. वासाचा फोटो निघत नाही, म्हणून वहीत नुसती तारीख, वेळ आणि बसथांबा लिहा.

६. माझं झाड काहीच करत नाही. तीन महिने फोटो तसेच येताहेत.

अशोक म्हणून सोसायट्या लावतात तो उंच खांबासारखा आसुपालव धरला असेल. त्याची नवी पालवी तांबूस आणि चकचकीत असते, ती शेंड्यांकडे शोधा. तरीही कंटाळा आला तर झाड बदला, काही शपथ घेतलेली नाही.

७. दिवस लोकलमध्येच जातो. त्यात काय करणार?

सकाळच्या गर्दीत काही नाही, जीव सांभाळा. दारात लटकून फोटो काढू नका, हे दरवेळी सांगावं लागतं.

बसायला जागा मिळाली तर पूल सांभाळा. पश्चिमेला माहीम-वांद्र्यामधली मिठीची खाडी आणि पुढे भाईंदर-नायगावमधली वसईची खाडी. हार्बरला मानखुर्द-वाशीचा पूल. मध्य मार्गावर पावसाळ्यात मुंब्र्याच्या डोंगरावरचे धबधबे. रोज तीच खाडी, पण कधी पाणी काठोकाठ, कधी नुसता चिखल आणि त्यात बगळे. पूल ओलांडायला लागतो तेवढ्याच वेळात, कागदाच्या एका आडव्या पट्टीत, पाण्याची रेघ आणि क्षितिजाची रेघ काढा. आमच्यातल्या एकाने वर्षभराच्या अशा पट्ट्या एकाखाली एक चिकटवल्या आहेत. एसी लोकलच्या काचेतून फोटो घ्यायचा तर फोन काचेला टेकवून धरा, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही.

८. प्रत्यक्षात सुंदर दिसतं आणि फोटोत सपाट येतं. काय चुकतं?

बहुधा वेळ. मार्च ते मे मुंबईत सकाळी नऊनंतर ऊन पांढरं होतं आणि सगळ्यातला रंग शोषून घेतं. सात-साडेसातला जा, किंवा संध्याकाळी.

दुसरं, झाडाच्या दुसऱ्या बाजूला जा. पान ऊन आणि तुमच्या मध्ये आलं की त्याच्या शिरा दिसतात आणि हिरवा रंग पेटतो. स्क्रीनवर पानाला बोट दाबून धरा म्हणजे उजेड आणि फोकस तिथेच राहील, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पांढऱ्या फुलांना, म्हणजे चाफा, तगर, मोगऱ्याला हे करावंच लागतं, नाहीतर पाकळीच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं.

आणि एसी ऑफिसातून बाहेर आलात तर दहा मिनिटं थांबा. लेन्सवर वाफ धरते. फोटो स्वप्नाळू आला म्हणून खूश झालेले लोक मी पाहिले आहेत.

९. पावसाळ्यात फोन भिजतो, कागद वाळत नाही. चार महिने बंद ठेवायचं का?

उलट हेच चार महिने खरे. भिंतीवर मखमलीसारखं शेवाळ, जिन्याच्या कोपऱ्यात नेचे, आंब्याच्या कुजक्या फांदीवर रात्रीत उगवलेल्या छत्र्या. शेवाळाचा फोटो घेताना फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली भिंतीजवळ येते आणि दोन सेंटिमीटरचं शेवाळ जंगलासारखं दिसतं.

फोनसाठी पारदर्शक झिपची पिशवी. जलरंग विसरा, जुलैत लावलेला हात ऑगस्टपर्यंत ओला राहतो असं आम्ही गमतीने म्हणतो. बॉलपेन आणि रंगीत पेन्सिली वापरा. वही कपाटात ठेवू नका. मी ठेवली होती. गणपतीत उघडली तर बावीस पानांवर बुरशीचे तांबूस ठिपके. आधी फार हळहळले. मग एका पानावर बुरशीच्याच ठिपक्यांभोवती रेघा काढून त्याचं काटेसावरीचं खोड केलं, ते बरं जमलं. वही आता पंख्याखाली, उघड्या फळीवर असते.

पावसाळ्याचा स्वयंपाकघरातला भाग १४ व्या उत्तरात आहे.

१०. समुद्रकिनारी कधी जावं? आम्ही जातो तेव्हा नुसतं पाणी असतं.

वेळापत्रक बघून, ओहोटीला. कोळी बांधवांचे दोन शब्द लक्षात ठेवा: उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढ-उतार कमी. मुंबईत उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, म्हणजे मोठी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास. खडक उघडे पडतात तेव्हाच ऊनही कोवळं असतं, हा मुंबईवर निसर्गाने केलेला उपकार आहे. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

हाजी अलीजवळचे खडक, जुहू, कार्टर रोड. डबक्यापाशी उकिडवे बसा आणि तीन मिनिटं हलू नका. आधी काही दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, तो शंखातला खेकडा. फोनची सावली पाण्यावर पडू देऊ नका, तो लगेच आत जातो. दगड उलटू नका. चप्पल घसरणारी नको, आणि भरती फिरायच्या आधी परत या. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका.

११. फ्लेमिंगो मात्र ओहोटीला दिसत नाहीत, असं का?

दिसतात, पण लांब. चिखल उघडा पडला की ते खाडीत दूरवर पांगतात; भरतीचं पाणी त्यांना काठाकडे ढकलतं. म्हणून शिवडीला किंवा ठाणे खाडीवर भरतीच्या वेळेच्या आगेमागे जायचं. १० व्या उत्तराच्या बरोबर उलटं. नोव्हेंबर ते मे हा काळ. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तीही भरतीच्या हिशोबाने.

फोनमध्ये गुलाबी रेघ येईल. येऊ द्या. कागदावरही एकेक पक्षी काढत बसू नका. गुलाबी पेन्सिलीचे उभे आघात मारा, दाट आणि विरळ. थवा असाच दिसतो.

१२. नाव माहीत नसेल तर काय? सगळे 'हा कुठला पक्षी' विचारतात आणि मी गप्प.

आधी वर्णन लिहा: चिमणीहून मोठा, हिरवा, कपाळ लाल, हातोडीसारखा टुक-टुक आवाज. मग नाव शोधा: तांबट. नाव आधी मिळालं की बघणं थांबतं, असा माझा अनुभव. फोटोवरून ओळखणारी ॲप चांगली आहेत, पण पानाचा नुसता वरचा फोटो देऊ नका. देठ, मागची बाजू आणि खोड असे तीन द्या.

झाडं शिकायला भायखळ्याची राणीची बाग उत्तम. १८६० च्या दशकात सुरू झालेली ही बाग लोक प्राण्यांसाठी बघतात, पण बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत आणि गोरखचिंचेचं खोड काढायला अर्धा दिवस पुरत नाही. फुलपाखरांसाठी धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान: कचऱ्याच्या डेपोवर वाढवलेलं ३७ एकरांचं रान, १९९४ पासून लोकांसाठी खुलं. तिथे मोठं काळं, निळ्या पट्ट्यांचं फुलपाखरू दिसलं तर ते नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू. पक्ष्यांबद्दल नीट शिकायचं असेल तर १८८३ पासून चालू असलेल्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) फेऱ्या असतात.

१३. मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. काय करू?

त्यांच्या हातात फोन देऊ नका, हळद द्या. चमचाभर हळद मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून गाळा (हे मोठ्यांनी करायचं, गॅसपासून लांब). ते पिवळं पाणी जाड कागदावर ब्रशने लावा आणि अंधाऱ्या खोलीत वाळवा. वर एक नक्षीदार पान, नेचा किंवा शेवग्याची डहाळी ठेवून काच दाबा आणि कडक उन्हात ठेवा. ऊन लागलेली हळद फिकी पडते, पानाखालची तशीच राहते. काही तास लागतात, एप्रिलमध्ये लवकर होतं. नंतर कागदावर खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं की उरलेली हळद तांबडी होते आणि मुलं ओरडतात. चित्र भिंतीवर लावू नका, उजेडात विरत जातं. वहीत मिटून ठेवा.

१४. आईचे गुडघे गेलेत, तिला जिना उतरवत नाही. तिच्यासाठी काही?

भाजीची पिशवी. जूनच्या सुरुवातीला दादरच्या बाजारात, काही स्टेशनांबाहेरही, आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात: शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी. शेवळाची जुडी आणा आणि साफ करायच्या आधी आईपुढे ठेवा. बाहेरचं आवरण जांभळट तपकिरी, आतला दांडा मऊ, टोकाला वांग्याच्या सालीचा रंग आणि बुडाशी पिवळा भाग, जो खाजरा म्हणून काढून टाकतात. सोबत काकडं (आंबट रानफळं) हवीतच, नाहीतर घसा धरतो. माझ्या आईने पेन्सिल धरायला साफ नकार दिला, पण मी काढत असताना "तो पिवळा भाग एवढा मोठा नसतो" म्हणून तीनदा चित्र दुरुस्त करायला लावलं. चौथ्यांदा पेन्सिल तिच्या हातात होती.

भेंडी, कारलं आडवं कापून रंगात बुडवून ठसेही छान येतात.

१५. वॉचमन, पोलीस अडवतात. परवानगी लागते का?

सार्वजनिक बागेत फोन आणि वहीला सहसा कुणी काही म्हणत नाही. ट्रायपॉड दिसला की 'शूटिंग' समजतात आणि मग पत्र मागतात. नौदलाच्या, संरक्षण खात्याच्या हद्दीत कॅमेरा काढू नका. ड्रोन तर नकोच, पोलीस परवानगीशिवाय चालत नाही आणि पक्षी बिथरतात. राणीची बाग बुधवारी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. यावरून परत आलेल्यांचे मेसेज दर महिन्याला येतात.

१६. बाईमाणसाने एकटीने रस्त्यावर चित्र काढत उभं राहायचं म्हणजे अवघडल्यासारखं होतं.

होतं. पाठ भिंतीला किंवा खोडाला लावून बसा, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. फूलवाली, इस्त्रीवाला, वर्तमानपत्राचा स्टॉल यांच्या शेजारची जागा बरी. दोन दिवसांत ते तुमचे राखणदार होतात. 'माझं पण काढा' म्हणणाऱ्यांना 'मला माणसं येत नाहीत' हे उत्तर पुरतं. नुसता फोन घेऊन उभं राहण्यापेक्षा वही घेऊन बसलं की लोक कमी संशय घेतात.

१७. गॅलरीत बुलबुलाने घरटं केलंय. रोज एक फोटो घेतला तर चालेल ना?

काचेआडून, पडद्यामागून, फ्लॅश न मारता घेत असाल तर. हात लावून, पानं बाजूला करून नाही. फोटोसाठी बाजूला केलेली पानं म्हणजे कावळ्याला दाखवलेला रस्ता. आई-बाप चोचीत किडा घेऊन समोर थांबले आणि आत येत नसतील तर तुम्ही फार जवळ आहात. अंडी हाताळणं, घरटं मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे. घुबडाच्या तोंडावर विजेरी मारून काढलेले फोटो आम्हाला पाठवू नका.

१८. मी वर्षभर काढत होते ते झाडच तोडलं. आता?

पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि तोड यांत फरक करा. छाटलेल्या झाडाला दोन-तीन आठवड्यांत कापल्या जागेभोवती कोंब फुटतात. ते काढायला मुळीच चुकवू नका. अख्खं झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार परवानगी लागते आणि खोडावर नोटीस लावतात. म्हणून आपल्या झाडावर कागद चिकटवलेला दिसला तर त्याचा फोटो आधी घ्या, वाचा, आणि मुदतीत हरकत लिहून द्या. तुमचे तारखेसकटचे फोटो तेव्हा उपयोगी पडतात.

माझ्या बदामावरही कागद लागला होता. मी तो पाहिला, पण गटाराच्या कामाचा असेल म्हणून वाचला नाही. एका मंगळवारी ऑफिसातून आले तर गुडघ्याएवढं खोड उरलं होतं आणि कापल्या जागी ओलसर तांबूस रंग, ज्याला जुळणारा रंग माझ्या डबीत नव्हता. महिनाभर मी दुसऱ्या फुटपाथने गेले.

चहावाल्याने आता सावलीसाठी तिथे निळी ताडपत्री बांधली आहे. रात्री पाऊस झाला की तिच्या मधल्या झोळात पाणी साठतं आणि सकाळी सातच्या सुमारास दोन साळुंक्या त्यात आंघोळ करतात. खालून त्यांचे पाय आणि पाण्याच्या हलत्या कडा निळ्यातून दिसतात. सध्या ते काढते आहे. चहावाला सव्वासातला काठीने पाणी सांडतो, त्याआधी पोचावं लागतं.